बाटला नाही, एवढंच सांगा

१२ जानेवारी
तांडा, ता. मानोरा

रेणूच्या बाबांना,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो हे मला ठाऊक आहे. अंगणवाडीची सेविका आहे मी, पोरांना हात जोडायला मीच शिकवते. पण तुम्हाला नमस्कार घालावा इतका माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

तुमचं पत्र मिळालं. म्हणजे आधी तुमच्या मोठ्या भावाला मिळालं. पोस्टमन येतो तेव्हा मी अंगणवाडीत असते आणि हरिसिंग भाऊजी तांड्याच्या नायकाच्या ओट्यावर बसलेले असतात. पाकिटावर त्या मालेगावच्या दारू सोडवणाऱ्या संस्थेचा शिक्का, शिक्क्यात क्रूस. भाऊजींनी पाकीट उघडलं नाही, उगाच खोटं का बोलू. उघडायची गरजच नव्हती. मी घरी येईपर्यंत तांडाभर झालं होतं की अमरदीप ख्रिस्ती लोकांच्या घरी राहतो.

आणि मी पोळ्यापासून सगळ्यांना सांगत होते की तुम्ही हैदराबादला ट्रकवर आहात! कोणता मालक, कोणता माल, सगळं रचून ठेवलं होतं. शेजारच्या रुपाबाईनं तर तुमच्या हातून लाखेच्या बांगड्या मागवल्या होत्या. आता ती भर विहिरीवर विचारते, "हैदराबाद मालेगावात कधी आलं वं?"

भाऊजींनी तर कहर केला. ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाटली सुटली अन् मानूस बाटला." सगळे हसले. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मलाही हसू आलं. मग घरी येऊन भांडी अशी आपटली की रेणू बाहेर येऊन बघून गेली.

तर खरं काय ते लिहा. तुम्ही तिथे धर्म बदलला का? तुमचे फोन काढून घेतात, नाहीतर हे दोन मिनिटांत विचारून मोकळी झाले असते. आता कागद, पाकीट, तिकीट, आणि उत्तराची वाट बघत जिवाला घोर.

घाई अशासाठी की रेणूला स्थळ आलं आहे. मुलाचं नाव बादल, कारंज्याकडच्या तांड्यातला, वीज कंपनीत लागला आहे. रेणू वाशीमच्या ज्या दवाखान्यात नर्स आहे तिथे तो आजीला घेऊन यायचा. आजी कधीच बरी झाली, याचं येणं थांबलं नाही. रेणू काही बोलत नाही, पण त्याचा फोन आला की घरातली सगळ्यात दूरची खोली शोधते, आणि आपल्या घराला खोल्या दोनच.

मंजू


२१ जानेवारी

रेणूच्या बाबांना,

तुमच्या दोन ओळी पोचल्या. 'धर्म बदललेला नाही. इथे कुणी विचारलंसुद्धा नाही.' वाचून जीव भांड्यात पडला, आणि लगेच परत वर आला. कारण बदलला नाही हे मला पटून काय उपयोग? तांड्याला कोण पटवणार?

काल मुलाचे वडील भाऊसिंग आले होते, चार माणसं घेऊन. रेणूच्या हातचा चहा प्याले, शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, खूश झाले. मग पान लावता लावता म्हणाले, "पोरगी आमाले पसंत हाय. पन व्याही कुठी हाय? आमी आयकलं का थो येशूवाल्यायकडं गेला अन् बाटला."

मी म्हटलं, बाटले नाहीत, दारू सोडायला गेले आहेत.

"तेच त म्हनतो ना मी," भाऊसिंग म्हणाले. "आपला मानूस दारू कायले सोडीन? हे पाहा, मले हुंडा नोको, मानपान नोको. सगाईले त्यानं माह्यासमोर बसावं अन् माह्या हातानं एक घोट घ्यावा. घेतला त आमचा. नाही घेतला त बाटला, मंग आमचा रामराम."

आपल्यात सगाईला गुळाबरोबर दारू फिरते आणि दोन्ही व्याही ती एकमेकांच्या हातून घेतात, हे तुम्हाला मी काय सांगावं? परक्यांच्या सगायांतसुद्धा तुम्ही कधी मागे राहिला नाहीत. पण हे असं कधी ऐकलं नव्हतं. दारू प्यायला म्हणून मुलीचं लग्न मोडलं असं ऐकलंय. बाप दारू पीत नाही म्हणून मोडणारं हे पहिलंच.

एक घोट. भाऊसिंग ते असं म्हणाले जसं कुणी कुंकवाचं बोट लावायला सांगावं. तुमच्या मावसभावाच्या लग्नातही तुम्ही एकाच घोटासाठी उठला होतात. आठवड्यानं जऊळक्याच्या स्टेशनवरून फोन आला की तुमचा माणूस बाकड्याखाली पडलाय, घेऊन जा. मी तापानं पडले होते. रेणूनं आणलं तुम्हाला. त्या दिवशी तिचा बारावीचा पेपर होता. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगते. तो पेपर तिनं पुढच्या खेपेला दिला.

कालपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. अंगण दोनदा झाडलं. अंगणवाडीत पोरांची खिचडी लागली. डोक्यात नुसते बेत शिजतात. पेल्यात पाणी भरून ठेवलं तर? रंग तर सारखाच दिसतो. पण पेला भरणार भाऊसिंग. घोट तोंडात धरून नंतर टाकून दिला तर? आम्ही बायका असतो तर पदराआड काहीतरी जमवलं असतं, तुम्हाला पदर कुठला?

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. लवकर लिहा. सगाई सेवालाल महाराजांच्या जयंतीच्या दुसऱ्या दिवशी धरली आहे.

मंजू


२७ जानेवारी

तुम्ही लिहिता, 'एक घोट घेतला की मी परत होतो तिथे जाईन, हे मला पक्कं माहीत आहे. पण रेणूचं जुळत असेल तर येतो आणि घेतो. तू म्हणशील तसं.'

तू म्हणशील तसं!

उभ्या जन्मात कधी मला विचारून काही केलं नाहीत. ट्रक विकला तेव्हा विचारलं नाही. उसाच्या टोळीची मुकादमी घेतली तेव्हा विचारलं नाही. आणि आता, घ्या म्हटलं तर नवऱ्याला माझ्या हातानं खड्ड्यात ढकलायचं, नको म्हटलं तर पोरीचं ठरलेलं मोडायचं, इथे मात्र तू म्हणशील तसं. हा समजूतदारपणा तिथे शिकवतात का? शिकवत असतील तर त्यांना सांगा, एवढा नको.

रात्री झोप नाही. भाकरी थापताना हात थांबतो. रेणूकडे बघितलं की वाटतं, घेऊ दे एक घोट, एवढ्या वर्षांत इतके घेतले, त्यात आणखी एक. तुमचं पत्र काढून बघितलं की वाटतं, अक्षर किती सरळ आलंय. लग्नानंतर तुमचं असं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं.

मी काही म्हणणार नाही. मला तिसरी वाट सुचली आहे. तुमच्या त्या संस्थेच्या ललिताबाई आहेत ना, त्यांनाच तांड्यात आणते. स्वतः ख्रिस्ती बाईच चारचौघांत सांगेल की हा माणूस बाटला नाही, मग भाऊसिंग काय बोलतील? बुधवारी मालेगावला येते. तुमच्यासाठी येत नाही, त्यांच्यासाठी येते.

मंजू


३१ जानेवारी

रेणूच्या बाबांना,

मी येऊन गेले हे तुम्हाला कळलं असेल. न भेटता का गेले तेही सांगते, पण आधी दुसरं.

मंगरूळपीर, वाशीम, तिथून मालेगाव. गाड्या बदलून बदलून कंबर मोडली. मला वाटलं होतं मोठं देऊळ असतं तसं काहीतरी असेल, घंटा, घुमट. तर हे साधं कौलारू घर, पुढे वांग्याचे वाफे, दोरीवर चादरी वाळत घातलेल्या. दारात एक माणूस बसला होता, त्याला घरच्यांनी हाकलून दिलंय म्हणे, हात थरथर कापत होते. तरी मला म्हणाला, "बसा ताई, पानी आनतो," आणि अर्धं सांडत आणलंच.

ललिताबाई चांगल्या ठसक्याच्या निघाल्या. मी समजत होते गोड गोड बोलणारी कुणी असेल. मी सगळं सांगितलं. सगाई, पेला, भाऊसिंग. शेवटी मी म्हटलं, "ताई, तुमी फकत तांड्यात या अन् एवढंच सांगा, का हे बाटले नाहीत."

त्या म्हणाल्या, "मंजूताई, म्हणजे मी बाटलेली आहे ना?"

देवाशपथ, माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. एवढे दिवस तो शब्द मी तोंडात घोळवत होते, रागानं, हसून, सगळ्यांना सांगत होते बाटले नाहीत, बाटले नाहीत. ज्या बाईच्या घरात तुम्ही जेवता तिच्याच समोर बसून तिला तो म्हणायला सांगत होते. कानशिलं तापली माझी.

त्या म्हणाल्या, "माझ्या आजीला हाच शब्द म्हणून विहिरीवरून उठवलं होतं. घागर भरलेली होती, ती तिथेच उपडी केली. मी येईन तुमच्या तांड्यात. अमरदीपभाऊंनी बाप्तिस्मा घेतलेला नाही, हे सांगेन, कारण ते खरं आहे. इथे आम्ही कुणाला तशी अट घालत नाही. पण बाटला नाही, हे मी म्हणणार नाही. ते म्हणायला लावायचं असेल तर मला बोलवू नका."

मला रागच आला. शरम वाटली की मला आधी राग येतो, तुम्हाला ठाऊक आहे. मनात म्हटलं, एका शब्दानं माझ्या पोरीचं घर उभं राहतंय आणि बाई स्वतःचा मान धरून बसली आहे. चहा आला. आणि खरं सांगते, कप उचलताना क्षणभर माझा हात अडखळला. तिच्या घरचा चहा म्हणून. ते त्यांच्या नजरेत आलं. मी पूर्ण कप प्याले, बशीतलासुद्धा, पण पाहायचं ते त्यांनी पाहिलं होतं.

निघताना म्हणाल्या, "भेटून जा. मागे लसूण सोलतायत सगळे."

मी खिडकीपर्यंत आले होते. तुम्ही पोत्यावर बसला होतात. कुणीतरी काहीतरी बोललं आणि तुम्ही हसलात. दारू न पिता तुम्ही हसलेले मला आठवत नाही. आत आले असते तर तुम्ही लगेच उठून चूक केल्यासारखं तोंड केलं असतं. म्हणून आले नाही. एवढंच कारण आहे, दुसरं काही शोधू नका.

मंजू


७ फेब्रुवारी

रेणूच्या बाबांना,

मीच म्हणते, तुम्ही लिहिलं होतं ना मी म्हणेन तसं. घेऊ नका. आणि समोर बसून न घेणं तुम्हाला जमेल की नाही याचा मला भरवसा नाही, म्हणून येऊच नका. बापाच्या जागी हरिसिंग भाऊजी बसतील, ते एक सोडून चार घोट घेतील. भाऊसिंग मानतील न मानतील, बघून घेऊ.

भाऊजींनी ऐकवलंच. "पोहरादेवीले शपथ घ्याची सोडून थ्या लोकायकडं कायले गेला?" शपथ तुम्ही दर रामनवमीला घेत होतात आणि मानोऱ्याच्या फाट्यावर उतरेपर्यंत मोडत होतात, हे काय त्यांना माहीत नाही? मी डोक्यावरचा पदर सावरून का होईना, विचारलं, "सेवालाल महाराजायनं बी दारू नोको म्हनून सांगतलं. मंग थे बी बाटले होते का?"

"थे येगळं," भाऊजी म्हणाले.

"कसं येगळं?"

"तू चहा कर," म्हणाले.

ललिताबाईंना मी बोलावणार नाही. त्यांना सांगा की... जाऊ द्या, काही सांगू नका. मला शब्द सापडला की मीच सांगेन.

मंजू

८ फेब्रुवारी, सकाळी

पाकीट बंद करणार होते तर रेणूनं पत्र वाचलं. ती तुमच्याबद्दल बोलतच नाही, तुम्हाला माहीत आहे. वाचून म्हणाली, "आई, बाबांना बोलव." मी म्हटलं, आणि पेला? म्हणाली, "पेल्याचं मी नाही सांगत. जऊळक्याच्या स्टेशनातून मी त्यांना आणलं, तसे नको. स्वतःच्या पायानं येऊ देत एकदा माझ्यासाठी. मग काय व्हायचं ते होवो."

आता माझी मतीच गुंग झाली. वरचं पत्र फाडणार होते, पण तेही माझंच म्हणणं आहे आणि हेही तिचं म्हणणं आहे. दोन्ही पाठवते. आम्ही दोघी तुम्हाला दोन दिशांना ओढतोय. तुम्हीच बघा.


१७ फेब्रुवारी

रेणूच्या बाबांना,

तुम्ही आमच्या दोघींशी न बोलता निघून गेलात. काल संध्याकाळपासून तुम्ही तिथे डोकं धरून बसला असाल की माझ्यामुळे पोरीचं मोडलं. म्हणून अंगणवाडीला सुट्टी टाकून हे लिहिते आहे. तुम्ही उठल्यानंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊकच नाही.

पुरुषांकडचं तुम्ही पाहिलं, बायकांकडचं मी सांगते. तुम्ही पांढरा सदरा घालून रस्त्यावरून चालत येताना दिसलात आणि माझ्या हातातलं ताट रुपाबाईनं धरलं म्हणून वाचलं. तुम्ही बसलात. भाऊसिंगनं पेला पुढे केला. तुमची पाठ फक्त दिसत होती मला. मनात म्हटलं, आता हात पुढे जाईल. तुम्हाला सांगायला लाज नाही, मी डोळे मिटून घेतले.

मग तुमचा आवाज आला. "व्याही, गूळ द्या. तोंडभर खातो. हे नाही जमत."

भाऊजी ओरडले, "पाहा, बाटलाच हा!" तुम्ही हात जोडलेत, कोपऱ्यात बसलेल्या तुमच्या आईच्या पाया पडलात आणि निघालात. तुम्ही मागे वळून पाहिलं नाही. रेणू गुळाचा खडा घेऊन फाट्यापर्यंत पळत आली होती. नव्या साडीत पळणं सोपं नसतं. तुमची रिक्षा तोवर गेली होती. उन्हात तिच्या हातात गूळ पाघळला, तो चाटत चाटत ती परत आली आणि माझ्याकडे बघून हसली. कित्येक वर्षांनी अशी हसली.

भाऊसिंग म्हणाले रामराम, पण उठले नाहीत. स्वतःचा पेला प्याले, मग तुमचाही प्याले. मग भाऊजींबरोबर बसले. जेवणं व्हायच्या आत त्यांना उभं राहता येईना. बादलनं त्यांना धरून जीपमध्ये नेऊन निजवलं. सगळ्या तांड्यासमोर. पोराची मान खाली होती. तेव्हा कुणी काही म्हटलं नाही, आपलाच माणूस होता ना.

सगाईचं म्हणाल तर गूळ वाटून झाला, पेला झाला नाही, तेव्हा अर्धी झाली असं तांड्यात चाललंय. बादल मात्र जाताना रेणूला सांगून गेला की त्याच्यापुरती पूर्ण झाली.

आता मुख्य. मी मागे भांडी गोळा करत होते. बादलची आई, गोमतीबाई, येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, ऐकवायला आल्या. मीही कंबर कसली. त्या इकडे तिकडे बघून म्हणाल्या, "बाई, थो पत्ता द्या न मले."

"कोनाचा?"

"थ्या मालेगावच्या घराचा. जीपात पाहालं न तुमी? रोजचंच हाय हे. डॉक्टरनं सांगतलं, लिव्हर गेलं." मग माझा हात धरून म्हणाल्या, "बाटला त बाटू द्या. जिता त राहीन."

मी सवयीनं तोंड उघडलं होतं, की नाही हो, तिथे कुणी बाटत नाही. तो शब्द मी गिळला. मी म्हटलं, "तिथं ललिताबाई हायेत. चांगल्या हायेत. चहा देतीन, थो पेजा."

गोमतीबाई हात सोडेनात. "खरंच सुटते का तिथं?"

मला काय माहीत! तुम्ही एक पेला नाकारलात, उद्याचं कुणी पाहिलंय? तुम्ही स्वतःच लिहिता की रोज सकाळी नव्यानं भीती वाटते. मला माहीत नाही बाई, असं म्हटलं असतं तर तेच खरं होतं. पोळ्यापासून मी लोकांना सांगत आले की माझा त्या माणसाशी काही संबंध नाही, पगार पाठवतो तेवढाच, आणि पगारही खोटा. पण त्या बाईच्या डोळ्यांत बघून माझ्या तोंडून निघालं, "माह्या मानसाची सुटून राह्यली."

त्यांनी ते खरं मानलं. सोमवारी बादल आणि गोमतीबाई भाऊसिंगना घेऊन मालेगावला येणार आहेत. कसं तयार करणार ते त्यांचं त्यांना ठाऊक. दारात तुम्हीच उभे राहा, पाणी तुम्हीच द्या. रेणूच्या बाबा, मी एका बाईला शब्द देऊन बसले आहे. आता मला तोंडघशी पाडू नका.

तुमची मंजू